पडदा नसलेली खोली

आमच्या हॉस्पिटलच्या जिन्यात प्रत्येक वळणावर देवांच्या टाइल्स बसवलेल्या होत्या. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, सगळे शेजारी शेजारी. कोणत्याही धर्माच्या माणसाने कोपऱ्यात पिचकारी मारू नये म्हणून ट्रस्टींनी केलेला तो बंदोबस्त होता. एवढे देव ओलांडून माणूस पहिल्या मजल्यावर पोचला, की उजव्या हाताच्या खोलीतून एका बाईचा खणखणीत आवाज यायचा, "थुंक! गिळू नको, थुंक म्हणतेय ना!" नवीन आलेला माणूस दचकून मागे टाइल्सकडे बघायचा.

त्या खोत मॅडम. शालिनी खोत. भाईंदर पश्चिमेच्या त्या छोट्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभाग म्हणजे बरीच वर्षं त्या एकट्याच होत्या. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी डिग्री घेऊन तिथे लागले, तेव्हापासून त्या आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांनी गुडघे, कंबरा आणि आखडलेले खांदे माझ्याकडे ढकलले. "हे सगळं तुझं. मला छाती पुरे," म्हणाल्या.

छाती म्हणजे कफ. ज्यांच्या फुफ्फुसात कफ साचून राहतो आणि आपला आपण निघत नाही, अशा माणसांना या कुशीवर, त्या कुशीवर, कधी पालथं आणि डोकं खाली, कंबर वर करून झोपवायचं. मग बरगड्यांवर पोकळ तळव्याने थापत राहायचं, आणि सुटून आलेला कफ खोकून बाहेर टाकायला लावायचा. कॉलेजात आम्हाला हे शिकवलं होतं, पण परीक्षेपुरतं. आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाला क्रिकेटवाल्यांचे खांदे बरे करायचे होते. कफात कोणाला रस असणार?

खोत मॅडमना होता, आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. सुती साडीवर पांढरा कोट, कोटाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. कामाला लागण्याआधी हातातल्या बांगड्या काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायच्या आणि मंगळसूत्र फिरवून पाठीवर सोडायच्या. पेशंटवर वाकल्यावर वाट्या त्याच्या अंगाला लागू नयेत म्हणून. पुष्कळदा ते पुन्हा पुढे घ्यायचं विसरून तशाच बाजारात जायच्या. भाजीवाली सांगायची, "ओ मॅडम, मंगळसूत्र पाठीला गेलंय." त्या म्हणायच्या, "राहू दे गं, ते तिथे सुखात आहे."

थापायला त्यांनी मला उशीवर शिकवलं. "पाणी प्यायला ओंजळ करतेस ना, त्यातला एक हात घे. आता उलटा कर. मनगट सैल सोड." मी थापलं की त्या खिडकीबाहेर बघत ऐकायच्या, माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "चापट वाजली. चापट वाजली म्हणजे तू मारतेयस त्याला. पोकळ वाजलं पाहिजे." आठवडाभर मी त्या उशीला बदडत होते. नंतर कळलं, त्या स्वतःही अजून सराव करायच्या. बँकेच्या रांगेत, रिक्षात, कुणाच्या हळदीकुंकवाला बसल्यावरसुद्धा त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप वाजायला लागायचा. यजमानीण बाईला वाटायचं, यांना घरी जायची घाई झालीय.

पेशंटला समजावण्याची त्यांची एकच पद्धत होती. "थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते. तेव्हा काय करतेस? उन्हात ठेवतेस. मग उलटी करतेस. मग बुडाला थापट्या मारतेस. झालं! वाफ घे, उलटी झोप, मी थापते. बाटलीला लाज नसते म्हणून तेल बाहेर येतं." हे शेवटचं वाक्य त्या पेशंटच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या.

बाहेर आलेल्या मालासाठी पांढरा, झाकणाचा मग. पांढराच हवा, रंग दिसला पाहिजे. मगात त्या डोकावायच्या ते तांदूळ निवडावेत तशा, चष्मा वर करून, उजेडाकडे वळून. रंगांना त्यांनी नावं ठेवली होती. पांढरट पातळ ते ताक. पिवळं ते हळद. हिरवं, घट्ट, वास येणारं ते मेथी. ताक म्हणजे ठीक, हळद म्हणजे लक्ष ठेवा, मेथी म्हणजे डॉक्टरांना दाखवा. "काल ताकावर आली होतीस, आज मेथी कशी? कोणी सांगितलं होतं पंख्याखाली झोपायला?" असं भर खोलीत विचारायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घरी मेथीच्या भाजीला हात लावला नाही. आई म्हणायची, हिला काय झालंय.

आता पडद्याचं. माझ्या बाजूच्या खोलीत, जिथे मी गुडघे बघायचे, तिथे प्रत्येक पलंगाभोवती पडदा होता. मॅडमच्या खोलीत दांड्या होत्या, पडदे नव्हते. ते त्यांनी स्वतः काढून टाकले होते. दारही सताड उघडं. बाहेर पॅसेजमध्ये बाकावर पुढचे पेशंट बसलेले, त्यांना आतलं सगळं दिसायचं. कोण पालथं पडलंय, कोण खोकतंय, कोणाच्या मगात काय पडलं, सगळं.

हा त्यांचा हट्ट होता आणि त्यामागे त्यांचा विचार होता. त्या म्हणायच्या, "कफाने माणूस मरत नाही गं, लाजेने मरतो. पुरुष रस्त्याने थुंकत जातो. बाई नळ सोडून खाकरते, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. घशापर्यंत आणते आणि गिळते. जन्मभर गिळते. पडदा लावून दिला की तिला वाटतं, ही लपवायचीच गोष्ट आहे. मग घरी जिथे पडदा नाही तिथे ती काय करणार? गिळणार." त्यांचं म्हणणं होतं, इथे चारचौघांत थुंकली की बाई घरी कुठेही थुंकेल. एकदा लाज मोडली की मोडली.

पुष्कळदा ती मोडायचीही. राई गावाकडचे एक आजोबा यायचे, जन्म मिठागरात गेलेला, काटक, काळेभोर. रस्त्यात वीस पावलांवर नेम धरून थुंकणारा माणूस. पण बाईमाणसाने मग पुढे धरला की तोंड घट्ट मिटायचे. "बाय, तुज्या हातात कसा थुकू? मना न्हाय जमाचं." मॅडम म्हणाल्या, "आजोबा, बाहेर नाक्यावर थुंकता तेव्हा तिथून बायका जात नाहीत?" "त्या काय हातात भांडा घेऊन उभ्या ऱ्हातात?" आजोबा म्हणाले. बाकावरची माणसं हसली, आजोबाही हसले, आणि हसता हसता जो खोकला आला त्यात सगळं बाहेर आलं. मॅडमनी मग वर करून बाकाला दाखवला. मारवाडी शेठ होते एक, त्यांना त्या हिंदीत दरडावायच्या, "शेठजी, दुकान में नौकर पे चिल्लाते हो ना? उतना ही जोर लगाओ." माणसं बरी व्हायची आणि त्यांना घाबरून असायची. त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी रडवलेल्या बायका मी पाहिल्यात.

त्यांतली एक वैशाली शिगवण.

तेवीस-चोवीस वर्षांची, रत्नागिरीकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा नितीन भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. त्याच्या नखांत कायम काळं असायचं. लहानपणी वैशालीला डांग्या खोकला झाला होता. त्यात उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या सैल पडल्या. सैल नळीत कफ साचतो, साचलेला सडतो, मग ताप, पुन्हा औषध, पुन्हा तेच. टीबी नव्हता. तसा तपासून आलेला स्वच्छ रिपोर्ट तिच्या पर्समध्येच असायचा. पण सासूबाईंनी बिल्डिंगमध्ये "घशाची ॲलर्जी आहे" असं सांगून ठेवलं होतं, आणि त्याला धरून वैशाली हळू आवाजात, रुमालात, अर्धाच खोकायची.

पहिल्या दिवशी मॅडमनी तिला पालथं घातलं, पोटाखाली उशा दिल्या, थापलं, बाजूने दाबून कंप दिला, "आरशावर वाफ सोडतेस तसं हाः कर" म्हणून सांगितलं. कफ सुटला. तो घरघरत वर येताना मला शेजारच्या खोलीत ऐकू आला. मॅडमनी मग पुढे केला. वैशालीने गाल फुगवून दाराकडे बघितलं. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. तिच्या गळ्याची हालचाल झाली.

"गिळलंस," मॅडम म्हणाल्या.

वैशालीने रुमाल तोंडाला लावला.

"गिळलंस ना? एवढा वेळ मी काय भाकऱ्या थापत होते?"

"मॅडम, जरा पडदा लावता का? त्या आमच्या बिल्डिंगमधल्या आहेत."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या परत ये. उद्याही त्या असतील."

ती रडत गेली. मला वाटलं, परत येणार नाही. पण आली. पंधरवडाभर गिळत राहिली आणि येत राहिली. शेवटी एका सकाळी तिच्या आतून इतकं आलं, की गिळणं शक्यच नव्हतं. पांढरा मग निम्मा भरला. मेथी. बाकावरच्या बायकांनी तोंडं फिरवली. वैशाली घामाघूम होऊन उठून बसली, आणि तिने एक लांब श्वास घेतला, तळापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. "मॅडम, एवढी जागा आहे आत?" असं तिने विचारलं. मॅडमनी तिच्या डोक्यावर टपली मारली. पुढच्या महिन्याभरात मेथीची हळद झाली, हळदीचं ताक झालं. वैशाली न खोकता हसायला लागली. दाताच्या फटीमुळे ती हसताना लहान मुलीसारखी दिसायची. मॅडम तिच्यावर खूश होत्या. खूश म्हणजे तिच्यावर जास्त ओरडायच्या.

रोज हॉस्पिटलात येणं काही कायमचं परवडणारं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ घरीच करायला हवं होतं. पेशंटच्या घरी सगळं लावून द्यायला मॅडम स्वतः जात, वैशालीकडे जाताना मलाही बरोबर नेलं. त्या वर्षांत आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठत होत्या, त्यामुळे विटांना तोटा नव्हता. कुठल्यातरी साइटवरून नितीनने विटा मागून आणल्या आणि पलंगाच्या पायथ्याखाली लावल्या. पायथा वर, उशी खाली. हॉस्पिटलच्या पलंगाची गरजच नाही.

वन-रूम-किचन. बाहेरच्या खोलीत सासू-सासरे, आत ओट्याशेजारी ही दोघं झोपायची. पलंग बाहेरच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एकाच दिशेने मावणारा. वैशाली त्यावर पालथी झाली, पाय वर झाले, आणि सासूबाई किंचाळल्या, "अगोबाई, पाय देवाकडे!" पायथ्याच्या भिंतीवर देव्हारा होता.

"मग देव्हारा हलवा," मॅडम म्हणाल्या.

सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी नितीनकडे. शेवटी नितीन उठला, हात धुऊन आला आणि देव्हारा उतरवून ओट्याच्या वर बसवायला आत घेऊन गेला. सासूबाई पदराने डोळे पुसत बसल्या. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, की या बाईने देव हलू दिला, ही काही लहान गोष्ट नाही. मॅडमना ते दिसलं की नाही कोण जाणे. त्या पुढच्या मुद्द्यावर गेल्या होत्या.

"थुंकायचं इथेच. झोपल्या झोपल्या. बाथरूमकडे पळायचं नाही, उठलीस की परत खाली उतरतं ते."

वैशाली हळूच म्हणाली, "मॅडम, इथून तिथे दोरी बांधते. करताना एक साडी टाकते मध्ये."

"साडी नको. आज साडी टाकशील, उद्या म्हणशील घरात कोणी नसताना करते. या घरात कोणी नसतं असं कधी होतं का?"

"बाबा असतात मॅडम समोर."

"असू देत. सासरा आहे, वाघ नाही."

आणि मॅडमनी तिच्याकडून सासऱ्यांसमोर करून घेतलं. थापताना नितीनच्या तळव्यावर आपला तळवा ठेवून त्याला पोकळ हात शिकवला. कफ आला. वैशालीने डोळे घट्ट मिटले आणि मगात थुंकली. सासरे उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून खाली गेले. परत येताना मॅडम फार आनंदात होत्या. स्टेशनजवळ त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाल्या, "बघ, मोडली लाज."

ती मोडली नव्हती. दर आठवड्याला वैशाली दाखवायला यायची, तेव्हा एकदा म्हणाली, "मॅडम, मी पलंगावर झोपले की बाबा खाली जाऊन उभे राहतात. सकाळी पण, संध्याकाळी पण. गुडघे दुखतात त्यांचे. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"उभे राहू देत," मॅडम म्हणाल्या, "चालणंही होईल त्यांचं."

वैशाली हसली नाही. त्या दिवशी मगात हळद होती.

मग गणपती आले. गावाकडची मंडळी यंदा इथे येणार होती, दीर, जाऊ, नणंदा, त्यांची मुलं. वैशाली आधीच सांगायला आली. पलंग काढून उभा करून ठेवणार होते, कारण मखर तिथेच मांडायचं होतं. गौरी जाईपर्यंत घरी करणं शक्य नाही, असं तिचं म्हणणं होतं. बाप्पाच्या समोर मग घेऊन कसं बसायचं, आणि घरभर माणसं.

"मग इथे ये रोज," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या तासाची सुट्टी दे म्हणावं सासूला. मी येते त्या दिवसांत. माझ्याकडे दीड दिवसाचाच असतो."

वैशालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "इथे येईन मॅडम. पण पडदा लावाल का तेवढे दिवस? जाऊबाई बरोबर येणार म्हणतात. त्यांना ॲलर्जीच सांगितलंय. त्या बाहेर बाकावर बसणार, म्हणजे सगळं दिसणार. मग गावभर होईल."

मी त्या वेळी तिथेच होते, पट्ट्या गुंडाळत होते. मला वाटलं, आता तरी लावतील. माझ्या खोलीतला एक पडदा काढून लगेच अडकवता आला असता. मॅडमनी बांगड्या खिळ्यावरून काढून हातात चढवल्या आणि म्हणाल्या, "एवढं शिकवलं ते पाण्यात घालू नको. जावेसमोर थुंकायचं. कळू दे गावाला. आजार आहे, चोरी नाही केलेली. पडदा मिळणार नाही."

"बरं," वैशाली म्हणाली.

ती त्या दिवसांत आली नाही. मॅडम रोज दाराकडे बघायच्या आणि मला विचारायच्या, "शिगवण आली का?" गौरीजेवणाच्या दिवशी तर त्या दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आल्या. तिकडे वैशाली ओट्याशी उभी राहून मोदक उकडत होती. नितीनने मला नंतर सांगितलं, की घरात गर्दी असल्यामुळे ती खोकला आला की मोदकपात्राचं झाकण उघडायची आणि वाफेत तोंड घालायची, कोणाला वाटावं ठसका लागला. आणि पलंगाखालच्या विटा मखराच्या टेबलाखाली लावल्या होत्या, देव जरा उंच दिसावा म्हणून.

विसर्जनानंतर नितीनने तिला उचलून आणलं. टाइल्सच्या जिन्याने, दोन्ही हातांवर. अंगात सणकून ताप, ओठांवर निळसर छटा, बोलताना प्रत्येक शब्दाला थांबायची. एक्स-रेत उजवी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात घेतलं, ऑक्सिजन लावला, मोठी औषधं सुरू झाली.

मॅडमनी त्या दिवशी दुसरा पेशंट घेतला नाही. वॉर्डात जाऊन तिला कुशीवर वळवलं आणि थापायला लागल्या. आधी मेथी आली, थोडी. मग मगात लालसर तार दिसली. डॉक्टर म्हणाले, रक्त येतंय, डोकं खाली नको, थापणंही नको. हे मॅडमनाही माहीत होतं. त्यांनी तिला उशांवर टेकवून बसवलं आणि फक्त हात बरगड्यांवर ठेवून, तिच्या श्वासाबरोबर, अगदी हलकं दाबत राहिल्या. कफ वर यायचा, घशाशी येऊन घरघरायचा, आणि तो पलीकडे टाकण्याइतका जोर तिच्यात नव्हता.

सासूबाई, सासरे, जाऊ, सगळे पलंगाभोवती उभे होते. मॅडम एकदम वळल्या आणि नर्सला म्हणाल्या, "सिस्टर, पडदा ओढा."

सिस्टरने पडदा ओढला. आत मॅडम, मी आणि वैशाली. मॅडमनी मग तिच्या हनुवटीखाली धरला आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "थुंक बाळा. बघ, कोणी नाही. कोणी बघत नाहीये. थुंक आता."

वैशालीने पडद्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. तिने प्रयत्न केला, तो मला दिसला, खांदे वर आले. नुसती हवा बाहेर आली. नंतर नळीने कफ ओढायचा प्रयत्न झाला, मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंही बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पॅसेजमध्ये सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "पण मॅडम, एवढ्या माणसांत कशी थुंकणार होती हो ती?" त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्या घरात हा प्रश्न कोणीच कोणाला विचारला नव्हता आणि आता तो विचारून उपयोग नव्हता. मॅडम त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. मंगळसूत्र मॅडमच्या पाठीवरच होतं.

काही दिवसांनी मी सकाळी आले, तर मॅडम स्टुलावर चढून दांडीत कड्या अडकवत होत्या. हिरवं कापड, घरी शिवून आणलेलं, शिलाई वाकडी. मी स्टूल धरलं. खाली उतरल्यावर त्यांनी पडदा एकदा इकडून तिकडे ओढून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तिला शूर करायला निघाले होते. तिला नुसता श्वास घ्यायचा होता."

मी पट्ट्या घेऊन माझ्या खोलीत गेले आणि तिथे बसून रडले.

त्यानंतरही त्या "थुंक" म्हणायच्या, पण आवाज पॅसेजमध्ये येईनासा झाला. मगातल्या रंगांची नावं सांगणं चालू राहिलं, फक्त पेशंटच्या कानाशी. दार लावायच्या. रिटायर होईपर्यंत त्यांनी बांगड्या खिळ्याला अडकवल्या. हॉस्पिटलातून त्या गेल्यावर तो खिळा मी काढू दिला नाही.

रिटायर झाल्यावर वर्षाभरात खोतसाहेब गेले आणि मॅडम मुलाकडे, अमोलकडे, बेव्हर्ली पार्कला राहायला गेल्या. मी पूनम सागरला, म्हणजे रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता, पण जाणं व्हायचं नाही. मग अमोलचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. अन्नाचे कण श्वासनळीत उतरत होते, खोकला दुबळा झाला होता आणि छाती भरत होती. "ताई, तुम्ही येऊन कराल का? दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही ती."

मी जायला लागले. ब्लडप्रेशरमुळे डोकं खाली करायचं नव्हतं, नुसतं कुशीवर वळवून करायचं. त्यांच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवला, तेव्हा मला त्या उशीची आठवण झाली. मी थापायला लागले. एखादी चापट वाजली की त्यांचा डावा हात चादरीवर एकदा आपटायचा. चुकलीस. बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. उजवा हात, ज्याने इतक्या लोकांच्या छात्या मोकळ्या केल्या, तो उशीवर अर्धवट मिटून पडलेला असायचा. तळवा अजून पोकळच होता.

माझी आणि त्यांची शेवटची भेट झाली तो रविवार होता. अमोलचे सासू-सासरे आले होते, हॉलमध्ये चहा घेत बसले होते. बेडरूमचं दार उघडं होतं आणि पलंग दारातून सरळ दिसत होता. व्याही मोठे भिडस्त गृहस्थ. मी मॅडमना वळवलं तसं त्यांनी मुद्दाम टीव्हीकडे तोंड केलं, आणि ते मुद्दाम केलंय हे इथूनही कळत होतं.

मी थापलं. बरगड्यांवर हात ठेवून श्वासाबरोबर दाबलं. कफ सुटला, वर आला, तोंडात आला. मी पांढरा मग पुढे धरला. मॅडमनी ओठ मिटून घेतले.

"गिळू नका मॅडम," मी म्हटलं. सवयीने म्हटलं. वाक्य त्यांचंच होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाकडा झालेला ओठ दाबून धरायला त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. गाल थरथरत होता. मग त्यांचा डावा हात चादरीवरून उठला आणि बोट दाराकडे गेलं.

मी उठले. दार लावलं, कडी घातली. परत येऊन मग धरला, आणि मॅडम थुंकल्या.

मी उजेडाकडे वळून बघितलं. हिरवं होतं, घट्ट, आणि वास येत होता. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, भुवई उंचावून, रंग विचारत.

"ताक आहे मॅडम," मी म्हटलं आणि झाकण लावलं.